आठशे तीस फूट

गेली बावीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला निसर्गकवितेचा घटक बहुधा असतोच. अभ्यासक्रम बदलतात, घटकाचे नाव बदलते, पण बालकवींची 'निर्झरास' फिरून कोठे ना कोठे येते. 'निसर्गाचे मानवीकरण', 'ऐंद्रिय प्रतिमा', 'भावनिष्ठ निसर्गचित्रण' हे शब्द फळ्यावर इतक्या वेळा लिहून झाले आहेत की आता ते खडूच लिहितो, मी फक्त हात पुढे करतो. अशा माणसाने वाहते पाणी किती पाहिलेले असावे? एकदा प्रामाणिकपणे हिशेब केला आणि लाजायची वेळ आली. आंबोलीचा धबधबा दोनदा, तोही मोटारींच्या रांगेत अडकलेला असताना. राऊतवाडीचा एकदा, विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर. त्या वेळी माझे सगळे लक्ष कोणी शेवाळावरून घसरत तर नाही ना, याकडे होते. बाकीचे सारे धबधबे मी पुस्तकात पाहिले.

असे असले तरी गिरसप्पाला जायचे ठरले ते माझ्या या अपराधी भावनेतून नव्हे. ते ठरले वडिलांमुळे.

अण्णा गडहिंग्लज तालुक्यात प्राथमिक शाळेत शिक्षक होते. अडतीस वर्षे त्यांनी चौथीच्या मुलांना भूगोल शिकवला, आणि पुस्तकात असो वा नसो, गिरसप्पा शिकवलाच. 'गिरसप्पा, शरावती नदीवर, उंची ८३० फूट, धारा चार : राजा, राणी, रोअरर, रॉकेट.' मीही त्यांच्याच वर्गात होतो. ही ओळ मला पाढ्यांसारखी पाठ आहे. पुढे पुस्तकांत मीटर आले, ८३० फुटांचे २५३ मीटर झाले, पण अण्णांनी फूट सोडले नाहीत.

या हट्टामागे एक गोष्ट होती. अण्णा स्वतः चौथीत होते ते १९५६ साली. तेव्हाच्या मुंबई राज्यात कारवार जिल्हाही होता आणि शरावतीचा एक काठ त्या जिल्ह्याचा, दुसरा म्हैसूरचा. त्यामुळे गिरसप्पा हा 'आपल्या राज्यातील' धबधबा म्हणून शिकवला जाई. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि कारवार जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. अण्णा सांगतात, की त्यांच्या गुरुजींनी फळ्यावरचे 'आपल्या राज्यातील' एवढे शब्द पुसले, बाकीचे वाक्य तसेच ठेवले आणि म्हणाले, "राज्य बदललं म्हणून उंची बदलत नाही." नऊ वर्षांच्या मुलाच्या मनात हे वाक्य कायमचे बसले. अण्णा मास्तर झाले ते बहुधा या एका वाक्यामुळे.

मात्र जे आयुष्यभर शिकवले ते त्यांनी पाहिलेले नव्हते. आधी पगार पुरत नव्हता, मग आमची शिक्षणे, मग आईचे आजारपण. आता वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही. श्रवणयंत्र आहे, पण ते भिजून चालत नाही, आणि गर्दीत त्यातून नुसता कोलाहल ऐकू येतो म्हणून ते काढूनच ठेवतात. त्यांच्या खिशात एक छोटी वही आणि पेन्सिल असते. आम्ही वहीत लिहायचे, त्यांनी तोंडाने उत्तर द्यायचे, असा आमचा व्यवहार. गेल्या जुलैत त्यांनी जेवताना सहज म्हटले, "पाय चालतायत तोवर गिरसप्पा बघून यावा म्हणतो." ऑगस्टमधला एक शनिवार-रविवार ठरला. मी, पत्नी आणि अण्णा.

शुक्रवारी दुपारी कोल्हापूरहून निघालो. बेळगाव, हुबळी, मग महामार्ग सोडून शिरसी. हुबळीपर्यंतचा मुलूख मोकळा, काळ्या मातीचा. शिरसीचा रस्ता धरला की मुलूख दाटत जातो. आधी साग, मग सदाहरित झाडी, आणि दरीच्या प्रत्येक खोलगट भागात पोफळीची बाग. सीमाभागात आयुष्य गेल्यामुळे अण्णांना कन्नड येते. वाटेतल्या प्रत्येक गावाची पाटी ते मोठ्याने वाचत होते. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज नेहमीच जरा चढलेला असतो. गाडीभर गावांची नावे घुमत होती.

रात्री शिरसीला मुक्कामी मी त्यांच्या वहीत काकासाहेब कालेलकरांची एक आठवण लिहून दाखवली. कालेलकर मूळचे आपल्या साताऱ्याचे. लिहिले बरेचसे गुजरातीत, नद्या आणि प्रपात हा त्यांचा ध्यासच. १९२७ साली गांधीजी म्हैसूर संस्थानात होते, तेव्हा इतक्या जवळ आलो आहोत तर गिरसप्पा पाहून येऊ, असा आग्रह कालेलकरांनी धरला. उंचीचा आकडाही सांगितला. गांधीजींनी विचारले, पावसाचे पाणी त्याहून उंचावरून पडत नाही काय? कालेलकर निरुत्तर. निदान महादेवभाईंना तरी पाठवा, म्हणाले, तर गांधीजींचे उत्तर असे, की महादेव यायचा नाही; त्याचा गिरसप्पा मीच आहे.

अण्णांनी ते दोनदा वाचले. "गांधीजींचं बरोबर आहे," म्हणाले. "पण त्यांनी तो शिकवला नव्हता. मी शिकवलाय. न बघता शिकवलेल्याचं कर्ज राहतं."

या गोष्टीला पुढे जोडून आलेला विनोद मात्र इतिहासाचा आहे. गिरसप्पाच्या पायथ्याशी शरावतीच्या पाण्यावर वीज करणारे केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्याला म्हैसूरच्या महाराजांचे नाव होते, ते बदलून पुढे महात्मा गांधींचे दिले. जो माणूस धबधबा पाहायला आला नाही, त्याच्या नावाने धबधब्याचे पाणी नळांतून उतरते आहे.

शनिवारी सकाळी सिद्दापूरवरून जोगला पोहोचलो. स्थानिक लोक 'जोग'च म्हणतात. गेरसोप्पा हे गाव नदीच्या खालच्या अंगाला, बरेच दूर. तेथे सोळाव्या शतकात चेन्नभैरादेवी नावाच्या राणीचे राज्य होते आणि मिऱ्याच्या व्यापारामुळे पोर्तुगीज तिला मिऱ्यांची राणी म्हणत. इंग्रजांनी त्या गावाचे नाव धबधब्याला दिले आणि ते आपल्या पुस्तकांत उतरले. समोरच्या काठावर इंग्रजी अमदानीतला जो बंगला आहे त्याला अजून 'बॉम्बे बंगला' म्हणतात. अण्णांना तो पाहायचा होता. पण बंगला सोडाच, समोरचा काठही दिसत नव्हता. धुके होते. धुके म्हणजे आपण घाटात पाहतो तसे विरळ, फिरते नव्हे. कठड्याच्या पुढे जगच संपलेले. पांढरा, ओला, हलणारा पडदा, आणि त्यामागे आवाज.

तो आवाज मी कसा सांगू? उभे राहिल्यावर पहिली काही मिनिटे तो ऐकू येतो, मग तो आपल्या आतूनच येतो आहे असे वाटू लागते. आणि तेथे उभे असताना मला, बावीस वर्षे मराठी शिकवणाऱ्याला, पहिल्यांदा एक साधी गोष्ट सुचली. 'प्रपात' हा शब्द पडणे सांगतो. तो डोळ्यांचा शब्द आहे. 'धबधबा' हा कानांचा शब्द आहे. झुळझुळ, खळखळ, रिपरिप, धो धो... पाण्याच्या बाबतीत मराठी माणसाने आधी ऐकले आणि मग पाहिले असावे. सह्याद्रीतल्या पावसाळ्यात दुसरे काय होणार? चार महिने धुके. जे आहे ते ऐकूच येते. म्हणजे धुक्याने माझे काही फार हिरावून घेतले नव्हते. मला शब्दाचा मूळ अर्थ मिळत होता.

मग शेजारी पाहिले. अण्णा कठड्याला धरून, कानटोपीवरून पाणी ओघळत असलेले, समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे टक लावून उभे होते. त्यांना दिसत नव्हते आणि ऐकूही येत नव्हते. सातशे-आठशे फुटांवरून कोसळणाऱ्या पाण्यासमोर ते एका संपूर्ण शांततेत उभे होते.

दीड तास थांबलो. पत्नी भिजून काकडली, गाडीत जाऊन बसली. अण्णांनाही मी वरच्या अंगाच्या चहाच्या टपरीत नेऊन बसवले. टपरीवाला सत्तरीचा, मोडके मराठी बोलणारा. अण्णा मोडक्या कन्नडात त्याला मुंबई राज्याची हकीकत सांगू लागले. त्याला ऐकवायची होती त्याच्या गावाची हकीकत. शरावतीवर लिंगनमक्कीचे धरण १९६४ साली झाले तेव्हा त्याच्या आजोळचे गाव पाण्याखाली गेले होते. दोघेही एकमेकांना आपापले सांगत होते आणि एकाला ऐकू येत नव्हते, पण संभाषण उत्तम चालले होते.

साहित्याच्या वाचकांना या धरणाची दुसरी एक ओळख आहे. सागरचे कन्नड कादंबरीकार ना. डिसोझा बांधकाम खात्यात नोकरीला होते. शरावतीच्या बुडीत क्षेत्रातली माणसे त्यांनी जवळून पाहिली आणि 'मुळुगडे', 'द्वीप' या कादंबऱ्यांत आणली. 'द्वीप'वर गिरीश कासारवल्लींनी चित्रपटही केला. २०२५च्या जानेवारीत डिसोझा गेले. उठवलेल्या कुटुंबांच्या जमिनींच्या हक्काचा प्रश्न मात्र धरणानंतर कित्येक दशके रेंगाळत राहिला. एवढे कळल्यावर धबधब्याकडे नुसते सौंदर्य म्हणून पाहता येत नाही. पूर्वीची सारी नदी येथून पडत होती. आता धरण भरून दरवाजे उघडले तरच ती तशी पडते, एरवी धरणाखालच्या रानातले पावसाचे पाणी काय ते येते. अण्णांचा आकडा खरा राहिला आहे, पाणी बदलले आहे.

मी एकटा परत कठड्याशी गेलो. आणि धुके उघडले.

हळूहळू विरले नाही. कोणीतरी पडदा एका बाजूला ओढावा तसे डावीकडून उघडत गेले. मी पाठ फिरवून टपरीकडे पाहिले. पन्नास-साठ पावले असतील. अण्णांची पाठ माझ्याकडे. मी हाक मारली. त्या आवाजात धडधाकट कानांच्या माणसालाही ती ऐकू गेली नसती. धावत जायचे, त्यांना उठवायचे, छत्री, ओल्या पायऱ्या, त्यांचा हात धरून परत आणायचे : पाच मिनिटे तरी लागणार होती. एकदा नीट पाहून घेऊ आणि जाऊ, असे मी ठरवले. पाहिले. मग खिशातून मोबाइल काढून एक छायाचित्र घेतले. मग पुन्हा पाहिले. कांटने म्हटले आहे, की उदात्ताचा अनुभव माणसाला सुरक्षित जागी उभे असतानाच येतो. हे मी वर्गात कितीदा सांगितले असेल. माझ्यापुढे लोखंडी कठडा होता, मी अगदी सुरक्षित होतो. उदात्त वाटत होते. ज्याच्यासाठी आलो तो माणूस पन्नास पावलांवर पाठमोरा बसला होता आणि मला उदात्त वाटत होते.

तीन-चार मिनिटांनी पडदा पुन्हा ओढला गेला.

टपरीत गेलो. अण्णांनी भुवया उंचावून विचारले. मी वही घेतली आणि लिहिले : 'अजून काही दिसत नाही.' का लिहिले, ते त्या क्षणी मला सांगता आले नसते. पुन्हा उघडेल आणि खोटे भरून निघेल असे वाटले असावे. संध्याकाळपर्यंत थांबलो. उघडले नाही. तळापर्यंत चौदाशेच्या आसपास पायऱ्या उतरतात. त्या पावसात त्यांचा प्रश्नच नव्हता. परत फिरताना अण्णा गाडीत म्हणाले, "असू दे. जागा तरी बघितली." माझ्या खिशातला मोबाइल मला जड लागत होता.

रात्री सिद्दापूरच्या मुक्कामावर झोप आली नाही. छायाचित्र दाखवून टाकावे असे अनेकदा मनात आले. पण छायाचित्र दाखवणे म्हणजे खोटे कबूल करणे. आणि त्याहून वाईट, त्यांच्या पदरात बघण्याऐवजी चित्र टाकणे. चित्र त्यांच्याजवळ अडतीस वर्षे होतेच.

रविवारी परतीच्या आधी आम्ही उंचळ्ळीला गेलो. हा धबधबा अघनाशिनीवर आहे. शरावतीची ही शेजारीण. पण तिच्यावर अजून धरण नाही, डोंगरातून निघालेली नदी तशीच समुद्राला मिळते. हेग्गरणे गावाकडून आत गेलो की गाडीरस्ता संपतो आणि दाट रानातून पायवाट व पायऱ्या. पानापानांवरून पाणी ठिबकत होते. वाटेत जळवा होत्या. टपरीवाल्याने दिलेल्या सल्ल्याप्रमाणे पायांना मीठ चोळले होते, तरी दोन चिकटल्याच. अण्णा माझ्या खांद्यावर हात टाकून, दर दहा पायऱ्यांना थांबत, उतरले. बरोबरच्या गावच्या पोराने सांगितले, की इंग्रज कलेक्टराच्या नावावरून याला लशिंग्टन धबधबा म्हणतात, पण गावातले नाव वेगळे आहे : 'केप्प जोग'. मी ते वहीत लिहून दाखवले. अण्णा वाटेतच खळखळून हसले. 'केप्प' म्हणजे कन्नडात बहिरा. याचा आवाज इतका, की माणूस बहिरा होतो, म्हणून बहिरा जोग. "हा माझा," ते ओरडून म्हणाले, "हा माझ्या नावाचा!"

येथे धुके नव्हते. वळण संपले आणि तो एकदम समोर आला. ११६ मीटर, गिरसप्पाच्या निम्म्याहून कमी. पण नदी सगळीच्या सगळी पडत होती. रुंद, गढुळलेली, रानाच्या दोन हिरव्या भिंतींमधून. अण्णांनी कठड्यावर दोन्ही तळवे टेकवले आणि बराच वेळ तसेच ठेवले. मग माझा हात ओढून कठड्यावर ठेवला. लोखंड थरथरत होते. "ऐकू येतंय," ते म्हणाले.

थोड्या वेळाने, समोरच पाहत, नेहमीच्या चढ्या आवाजात त्यांनी विचारले, "काल तुला दिसला होता, नाही का रे?"

मी काही बोललो नाही. बोलून उपयोगही नव्हता.

"मुलांचे चेहरे बघण्यातच जन्म गेला माझा," ते म्हणाले. "गृहपाठ न करता 'वही घरी राहिली' म्हणणाऱ्या पोराचा चेहरा वेगळा असतो. तू टपरीत आलास तेव्हा तसा होता." त्यांनी खिशातून वही काढली, पेन्सिल काढली, माझ्या हातात दिली. "रागावलो नाही. लिही आता. कसा दिसला ते वर्णन कर. कॉलेजात शिकवतोस ना?"

बावीस वर्षे वर्णनाचे विश्लेषण केलेल्या माणसाला असा पेपर कोणी घातला नव्हता. झाडाखाली उभा राहून, छत्री मानेत धरून, मी लिहायला लागलो. पहिला शब्द 'रौद्र' आला. खोडला. 'शुभ्रधवल' आला. तोही खोडला. हे शब्द मी धबधब्याकडून आणलेले नव्हते. ते धबधब्याच्या आधीपासून माझ्याजवळ होते. ज्याला ऐकू येत नाही आणि ज्याने पाहिलेले नाही, त्याला या शब्दांचा काय उपयोग? शेवटी जे लिहिले ते असे :

'डावीकडे राजा. कड्यावरून सुटला की मध्ये कोठे टेकत नाही, सरळ खाली. रोअरर त्याच्या शेजारून तिरपा येतो आणि अर्ध्या वाटेत त्याला मिळतो. रॉकेट खडकावर आपटून पुढे फेकला जातो, पुन्हा आपटतो. राणी सर्वांत उजवीकडे, खडकाला धरून पसरत उतरते. पाणी पडताना सावकाश पडल्यासारखे वाटते, कारण उंची फार आहे. तळ दिसला नाही. तीन-चार मीनीटे दिसला. तुम्ही चहा घेत होता. मी बोलवायला आलो नाही.'

अण्णांनी वही डोळ्यांजवळ धरली. सावकाश वाचली. पाण्याचे थेंब पडत होते म्हणून कागदावर हाताचा आडोसा केला. शेवटच्या ओळीशी ते थांबले असे मला वाटले. कदाचित वाटलेच असेल. मग पेन्सिल मागून घेतली. 'मीनीटे'तले दोन्ही दीर्घ ऱ्हस्व केले, तेही माझ्याकडे एकदा रोखून पाहून. पान परत वरपासून पाहिले आणि समासात, चौथीच्या वह्या तपासताना लिहीत त्याच वळणदार अक्षरात, लिहिले :

'उंची लिहायची राहिली. ८३० फूट.'